रुग्णालय सरकारचे, दायित्व समाजाचे



मुंबईचे जे. जे. रुग्णालय आज सर्वांच्या दृष्टीने ‘सरकारी’ आहे. तेथे रोज केसपेपरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल की, त्या दोन आद्याक्षरांमागे एका दात्याचे नाव आहे. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये या रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. मात्र ते देताना, तेवढीच रक्कम कंपनी सरकारनेही घालावी, अशी अट त्यांनी घातली. सरकारला ती मान्य करावी लागली. ३ जानेवारी १८४३ रोजी पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले.

या लाख रुपयांपेक्षा त्या अटीचे मोल अधिक आहे. जमशेटजींनी पैसे देऊन सरकारला मोकळे केले नाही, तर बांधून घेतले. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन नगरांतील सार्वजनिक रुग्णालयांना समाजाने, विशेषतः धर्मादाय संस्थांनी आणि प्रतिष्ठानांनी, कशा प्रकारे साहाय्य करावे हा आजचा विषय आहे. त्याचा विचार या अटीपासूनच सुरू व्हायला हवा. कारण दान म्हणजे केवळ देऊन टाकणे, असा सर्वसाधारण समज आहे. ज्या दानांतून महाराष्ट्रातील थोर रुग्णालये उभी राहिली, ती दाने मात्र तशी नव्हती.

पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये, तर मुंबईचे कामा रुग्णालय पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये उभे राहिले. ही नावे परिचयाची आहेत. परंतु परळच्या केईएम रुग्णालयाची हकिकत थोडी सविस्तर सांगावयास हवी. त्या रुग्णालयाला जोडून असलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी गोर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगी दिली, तेव्हा तेथील अध्यापक पात्र भारतीयच असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत, असा आग्रह त्यांनी धरला. वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा त्या काळी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असत. अशा काळात, १९२६ मध्ये, भारतीय अध्यापकांच्या बळावर हे महाविद्यालय आणि रुग्णालय उभे राहिले. नायर रुग्णालयाची परंपराही याच जातकुळीची. असहकाराच्या पर्वात, १९२१ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉ. आनंदराव नायर यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने रुग्णालय उभारले आणि १९४६ मध्ये ते मुंबई महापालिकेच्या स्वाधीन झाले. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीने उभारले, १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आले. आरंभ समाजाने करायचा, पाया घट्ट झाला की शासनाने भार उचलायचा, अशी ही रीत. यात शासनाविषयी तुच्छता नाही आणि शासनावर सारे सोपवून स्वस्थ बसणेही नाही.

आता या तीन नगरांकडे वळू या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर स्थानक रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर. कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी रांग लागते. उल्हासनगरचा जन्मच एका आघातातून झालेला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीत, फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या हिंदू बांधवांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची रीतसर स्थापना झाली आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींत संसार मांडलेल्या या माणसांनी कोणापुढे हात पसरला नाही. पापड-लोणच्यापासून कापडापर्यंत जे जमेल ते विकले, आणि दोन पैसे गाठीला लागताच शाळा-महाविद्यालयांना हात घातला. चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय १९६५ मध्ये उभे राहिले ते याच जिद्दीतून. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिराचे गाव. त्याला विसाव्या शतकात विमकोच्या आगपेटी कारखान्याने, पुढे आयुध निर्माणीने आणि औद्योगिक वसाहतीने कामगारांचे नगर केले. आणि बदलापूर! मुंबईत घर परवडत नाही म्हणून मध्यमवर्ग ज्या दिशेने सरकत गेला, त्या वाटेवरचे ते नगर आहे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर जनगणना झालेली नाही. मात्र सकाळच्या गाडीला बदलापुरात चढून पाहावे, जनगणनेची आवश्यकता उरत नाही.

या लोकसंख्येच्या वाट्याला आलेली सार्वजनिक रुग्णालये कोणती? उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय हे त्यांत मोठे. त्याच्याकडे केवळ ही तीन नगरे नव्हे, तर मुरबाड, कर्जत, शहापूर या बाजूचे ग्रामीण आणि वनवासी रुग्णही येतात. अंबरनाथला डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आहे. ते प्रथम नगरपालिकेचे होते, पुढे राज्य शासनाकडे गेले. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. ‘ग्रामीण’ या शब्दावर क्षणभर थांबायला हवे. शासनाच्या वर्गवारीत ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटांचे, शल्यविशारद, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांची अपेक्षा असलेले रुग्णालय. मैदानी प्रदेशात सव्वा लाखाच्या आसपास लोकसंख्येसाठी असे एक, असा साधारण संकेत आहे. नगर वाढत गेले, इमारतींना उद्वाहने आली, तरी पाटी मात्र गावाचीच राहिली.

परिणामी ‘पुढे पाठवणे’ हा येथील आरोग्यसेवेचा एक नित्याचा शब्द झाला. बदलापूरहून उल्हासनगर, उल्हासनगरहून कळवा, कळव्याहून शीव किंवा परळ. प्रत्येक टप्प्यावर रुग्णवाहिकेची वाट, प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच प्रश्नांची तीच उत्तरे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावल्याने सारा महाराष्ट्र हादरला होता. चौकशी समिती नेमली गेली, वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्या रुग्णालयावर जिल्हाभरातून येऊन आदळणाऱ्या भाराची चर्चाही त्या वेळी झाली. खाली रुग्ण थांबवता आले नाहीत, म्हणून वर ते मावले नाहीत, हा त्यातील एक उघड धागा आहे. म्हणूनच या तीन नगरांतील रुग्णालयांना दिलेली प्रत्येक देणगी एकाच कसोटीवर पारखावी लागेल: तिच्यामुळे किती रुग्णांचे पुढे जाणे टळले?

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. कर भरणाऱ्या नागरिकाने सरकारी रुग्णालयाला आणखी दान का द्यावे? शासनाने आपले काम करावे. समाजाने त्याच्या वाट्याचे काम केले, तर शासन आणखी सैल होईल. आक्षेपात तथ्य आहे. मुंबईच्या वाडिया रुग्णालयांचे उदाहरण पाहावे. एक १९२६ चे प्रसूतिगृह आणि दुसरे १९२९ चे बालरुग्णालय. विश्वस्त संस्था, महापालिका आणि राज्य शासन यांच्या भागीदारीतून चालणारी. जानेवारी २०२० मध्ये अनुदानाच्या थकबाकीच्या वादातून रुग्णसेवा बंद पडण्याची वेळ आली आणि उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. भागीदारीत एकाने हात आखडला, तर शिक्षा तान्ह्या मुलांना होते. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष ‘दान देऊ नये’ हा नव्हे. ‘दान असे द्यावे की ज्यामुळे शासनाचा हात आखडणे कठीण होईल’ हा आहे. जमशेटजींची अट पुन्हा आठवावी.

अशा दानाचे स्वरूप समजून घेण्यासाठी डायलिसिसचे उदाहरण घेऊ या, कारण देणगीदारांचे ते आवडते क्षेत्र आहे. यंत्र दिसते, त्याला फीत लावता येते, छायाचित्र चांगले येते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास या यंत्रावर राहावे लागते. दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस असे चालवले, तर एका यंत्रावर आठवड्याला १८ वेळा रक्तशुद्धी होते. म्हणजे एक यंत्र सहा रुग्णांना पुरते. केवळ सहा! पाच यंत्रे दिली, तर तीस कुटुंबांची सोय झाली. पण हा हिशेब यंत्र अखंड चालले तरच खरा. एका वेळेच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. त्यासाठी शुद्धीकरणाचे संयंत्र हवे, ते संयंत्र चालायला नळाला पाणी हवे, वीज खंडित झाली तर जनित्र हवे. नळ्या, गाळण्या, द्रावणे नियमित मिळायला हवीत. आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा, तोही तीन पाळ्यांना. यांपैकी एक दुवा तुटला की यंत्र शोभेचे होते आणि सहाही रुग्ण पुन्हा गाडीने मुंबईकडे निघतात. महिन्याला बारा खेपा, सोबत घरातला एक माणूस, त्याचा बुडालेला रोज. उपचार विनामूल्य असले तरी असा आजार घराला कसा पोखरतो, हे या बारा खेपांत दिसते.

हे कल्पनेतील चित्र नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला, तो सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची पाहणी झाल्यावर. वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद अवस्थेत आढळली होती. दानात मिळालेल्या उपकरणांची जगभरची कथा तर याहून वाईट. गरीब देशांत दान केलेल्या उपकरणांपैकी १० ते ३० टक्केच प्रत्यक्ष वापरात येतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, प्राणवायू देणारी यंत्रे समाजाने सढळ हाताने दिली आणि त्यांनी प्राण वाचवले, हे निर्विवाद. मात्र लाट ओसरल्यावर त्या यंत्रांच्या गाळण्या कोणी बदलल्या, हे विचारायला किती दाते पुन्हा रुग्णालयात गेले असतील? चाकांच्या खुर्चीच्या पाठीवर दात्याचे नाव ठळक असते. तिचे चाक निखळल्यावर ते नाव कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे असते.

देखभालीवाचून दान कसे वाया जाते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे, परंतु मराठी माणसाला आपले वाटावे असे आहे. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय होळकरांच्या नावाचे. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि या रुग्णालयातील उंदरांच्या सुळसुळाटाने इंदूरकरांची झोप उडाली. तेव्हाच्या जिल्हा प्रशासनाने नागरिकांना हाक दिली. रुग्ण अन्यत्र हलवून सारे रुग्णालय रिकामे करण्यात आले, हजारो उंदीर मारले गेले, गाड्या भरभरून कचरा निघाला, भिंतींना रंग लागला. या कामासाठी नागरिकांनी पैसे दिले आणि श्रमही दिले. या अनुभवातून रोगी कल्याण समितीची कल्पना निघाली. रुग्णालयाच्या पातळीवर नोंदणीकृत समिती असावी, तिने देणग्या स्वीकाराव्यात आणि त्या तेथेच, रुग्णांसाठी खर्च कराव्यात, ही ती कल्पना. ती मध्य प्रदेशात रुजली आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर नेली. महाराष्ट्रात तीच ‘रुग्ण कल्याण समिती’.

या कथेचा उत्तरार्ध मात्र मन विषण्ण करणारा आहे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात उंदरांनी दोन बालकांना चावे घेतले. दोन्ही बालके दगावली. मृत्यूचे कारण त्यांचे मूळ आजार होते, असे रुग्णालयाचे म्हणणे पडले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या वास्तूत नागरिकांच्या सहभागाचा देशाला अनुकरणीय वाटलेला प्रयोग झाला, तेथेच एकतीस वर्षांनी पुन्हा उंदीर! एकदाच केलेली मोठी स्वच्छता आणि रोज केलेली लहान स्वच्छता यांत हाच फरक असतो. पहिलीला उत्साह पुरतो. दुसरीला वेतन, वेळापत्रक आणि कोणीतरी रोज पाहणारा लागतो.

रुग्ण कल्याण समिती आपल्या तिन्ही नगरांतील देणगीदारांनी नीट ओळखून घ्यायला हवी. लोकप्रतिनिधी, रुग्णालयाचे अधिकारी आणि सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. देणगी रुग्णालयाच्या नावाने या समितीकडे गेली, तर तिची पावती मिळते, लेखापरीक्षण होते आणि वस्तू असेल तर ती जडसंग्रह नोंदवहीत चढते. नोंदवहीत न चढलेली वस्तू सरकारी दृष्टीने अस्तित्वातच नसते. तिच्या दुरुस्तीसाठी कोणी सही करीत नाही आणि ती नाहीशी झाली तर कोणी जबाबदारही नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले, केसपेपरचे शुल्कही गेले. गोरगरिबांच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु किरकोळ नडीसाठी हाताशी असणारा शुल्काचा पैसाही त्याबरोबर थांबला. फुटलेली तोटी, जळालेला बल्ब, स्ट्रेचरचे चाक, प्रतीक्षा कक्षातील पंखा यांसाठी मंत्रालयाकडे प्रस्ताव पाठवणे हास्यास्पद आहे. येथे दरमहा येणारी पाच-दहा हजारांची स्थानिक देणगी एखाद्या दिखाऊ यंत्राहून अधिक काम करते. अशा देणगीला उद्घाटन नसते, ही तिची अडचण.

एक तांत्रिक बाब ओघात सांगून ठेवणे उचित. देणगीवरील आयकराची सवलत वस्तुरूप देणगीला मिळत नाही आणि रोख रकमेला २,००० रुपयांपर्यंतच मिळते. तीही ज्या संस्थेला त्या सवलतीची मान्यता आहे, तिलाच दिलेल्या देणगीवर. म्हणून व्यापारी बांधवांनी पाकीट न देता धनादेश द्यावा, आणि मान्यतेची खात्री आधी करून घ्यावी.

उद्योगांचे काय? कंपनी कायद्यानुसार, १ एप्रिल २०१४ पासून, ज्या कंपन्यांचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत वा त्याहून अधिक आहे, त्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक आहे. आरोग्य हा त्यातील मान्य विषय, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, ही कायद्याचीच अपेक्षा. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील बहुसंख्य कारखाने लहान आहेत, ते या मर्यादेत येत नाहीत. त्यांना कायदा सक्ती करीत नाही. पण त्यांचे कामगार जखमी झाले, रसायनाने भाजले, की प्रथम ज्या अपघात विभागात जातात, तो याच रुग्णालयांचा असतो. दहा-वीस लहान कारखानदारांनी एकत्र येऊन भाजलेल्या रुग्णांसाठी चार सुसज्ज खाटांचा भार वर्षानुवर्षे उचलायचे ठरवले, तर ते कायद्याच्या दोन टक्क्यांहून मोठे काम ठरेल.

उल्हासनगरच्या बाबतीत आणखी एक विषय असा आहे की, ज्यात पैशाहून समाजाचा शब्द अधिक कामाचा. तो म्हणजे थॅलेसेमिया. या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत अधिक आढळते. वाहक माणूस पूर्ण निरोगी दिसतो, त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, जन्मभर. दिलेल्या प्रत्येक पिशवीतून शरीरात लोह साठत जाते आणि ते हृदय, यकृत यांना इजा करते. ते बाहेर काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. रक्तपेढीने रक्त विनामूल्य दिले तरी पांढऱ्या पेशी अडवणाऱ्या गाळण्या, लोह उतरवणारी औषधे आणि वेळोवेळीच्या तपासण्या यांची तजवीज कोठेतरी व्हावीच लागते. एखाद्या प्रतिष्ठानाने पन्नास बालकांचा हा खर्च पत्करला, तर तो वर्षागणिक करावयाचा खर्च आहे. एका वर्षी देऊन पुढच्या वर्षी थांबणे, हे या बालकांच्या बाबतीत न देण्याहून क्रूर ठरेल.

रक्तदानालाही हेच लागू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची प्रथा देशात बंद झाली. तेव्हापासून रुग्णालयांची सारी मदार ऐच्छिक दात्यांवर आहे. शिबिरे उत्सवांना, जयंत्यांना, वाढदिवसांना होतात, आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, पेढ्या कोरड्या पडतात. तांबड्या पेशी सुमारे पाच-सहा आठवडेच टिकतात, त्यामुळे जानेवारीचे रक्त मे महिन्यात चालत नाही. तिन्ही नगरांतील मंडळांनी आपसांत वर्षाचे वार लावून घेतले, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतील आठवडे आधी वाटून घेतले, तर कोणाच्याही खिशाला तोशीस न पडता थॅलेसेमियाच्या मुलांची तारीख चुकणार नाही. आणि विवाहापूर्वी पत्रिकेबरोबर रक्तातील एचबीए-२ ची तपासणीही पाहिली जावी, हे सांगण्याचा अधिकार पंचायतींना, संतांच्या आश्रमांना आणि घरातील वडीलधाऱ्यांना जितका आहे, तितका सरकारी भित्तिपत्रकाला नाही.

रुग्णासोबत येणाऱ्या नातेवाइकाचा विचार रुग्णालय करीत नाही, तो समाजानेच करावा लागतो. रुग्णाला थाळी मिळते. मुरबाडच्या पाड्यावरून आलेला त्याचा भाऊ मात्र वऱ्हांड्यात वडापाववर चार दिवस काढतो आणि पाचव्या दिवशी, रोज बुडतो म्हणून, अर्धे उपचार टाकून रुग्णाला घरी नेतो. ही उणीव ओळखून मुंबईत उभे राहिलेले काम म्हणजे परळची नाना पालकर स्मृती समिती. डॉ. हेडगेवारांचे चरित्र लिहिणारे संघाचे प्रचारक नाना पालकर १९६७ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी कार्यकर्त्यांनी ही समिती स्थापन केली. स्मारक म्हणून पुतळा न उभारता टाटा, केईएम, वाडिया या रुग्णालयांत बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या निवासाची आणि साहाय्याची सोय करावी, असे त्यांनी ठरवले. त्यांनी स्वतःचे वेगळे रुग्णालय काढले नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टरांचे कौशल्य आणि तेथील यंत्रणा आहेच. रुग्ण तेथपर्यंत पोहोचावा आणि उपचार पूर्ण होईपर्यंत टिकावा, एवढेच त्यांनी आपल्याकडे घेतले. सदनाच्या दारातून आत येणाऱ्याला त्याची जात वा पंथ कोणी विचारत नाही.

उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाजवळ असेच काही होणे अशक्य आहे काय? या नगरात भंडाऱ्याची परंपरा दांडगी आहे. गुरुपर्वाला, चेटीचंडला रस्त्यारस्त्यांवर मांडव लागतात, हजारो पाने उठतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला लोटणाऱ्या गर्दीला पाणी पाजायला किती मंडळे धावतात! त्यातील एका दिवसाचा शिधा वर्षभरात विभागला, तर शंभर नातेवाइकांना रोज एक वेळचा वरण-भात घालणे जड नाही. कठीण आहे ते रोज सकाळी अकराला तो शिजवणे, आणि वाढायला कोणीतरी असणे. येथे पैशापेक्षा माणसे हवीत. सेवानिवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, परिचारिका या तीन नगरांत मोठ्या संख्येने राहतात. त्यांनी आठवड्यातील एक सकाळ दिली, रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलाशेजारी एक खुर्ची टाकून शासकीय योजनांचे अर्ज भरून दिले, शिधापत्रिका आणि आधार यांतील नावांचा घोळ सोडवून दिला, तरी अनेकांचे उपचार मार्गी लागतील. असे दान कोणत्याही पावतीपुस्तकात बसणारे नाही.

एखादे प्रतिष्ठान यांपैकी कोणत्याही रुग्णालयाला साहाय्य करण्याचे ठरवीत असेल, तर त्याने प्रथम यंत्रांचे दरपत्रक मागवू नये. आधी रुग्णालयाच्या प्रमुखांसोबत बसून मागील सहा महिन्यांत किती रुग्ण पुढे पाठवले आणि कोणत्या कारणासाठी, ही नोंद पाहावी. डॉक्टर नव्हते म्हणून, रक्त नव्हते म्हणून, यंत्र बंद होते म्हणून की अतिदक्षता विभागात खाट नव्हती म्हणून, ते त्या नोंदीतून कळेल. त्यातील एकच कारण निवडावे. मग समितीच्या नावे पत्र लिहावे आणि त्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये मांडावीत. प्रतिष्ठान यंत्र देईल आणि पाच वर्षांचा देखभाल करार करील. रुग्णालय जागा, वीज, पाणी आणि नोंदवहीतील नोंद देईल. शासन तंत्रज्ञाचे पद भरील. पद भरेपर्यंत पहिली दोन वर्षे त्याचे मानधन प्रतिष्ठान सोशील, त्यापुढे नाही. यंत्र सलग पंधरा दिवस बंद राहिले, तर समितीची बैठक बोलावली जाईल आणि दात्याचा प्रतिनिधी तीत बसेल. दर तीन महिन्यांनी किती रुग्णांनी लाभ घेतला, हा आकडा रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर दात्याच्या नावाखाली लिहिला जाईल. नाव लागायचेच असेल, तर ते या आकड्याच्या वर लागावे. आणि पत्रावर वैद्यकीय अधीक्षकांबरोबर जिल्हा शल्यचिकित्सकांचीही सही घ्यावी, कारण अधीक्षकांची बदली होते, आणि तिसऱ्या वर्षी तंत्रज्ञाच्या वेतनाचा प्रश्न निघतो तेव्हा त्या खुर्चीत बहुधा दुसरेच कोणी बसलेले असते.